आजोबांच्या वाढदिवसाचे बसके पीच

मित्रांनो, मी बांबूची एक जुनी टोपली आहे. मोदकपात्रासारखी कढईवर बसते आणि वाफेवर पदार्थ उकडते. चीनमधल्या शाओशिंग शहराजवळच्या डोंगरातल्या एका कारागिराने मला विणले, तेव्हापासून मी थांग कुटुंबाच्या चुलीपाशी आहे. घरातल्या प्रत्येक मोठ्या वाढदिवसाला माझ्यातूनच पीच निघाले. झाडाचे नव्हेत, दीर्घायुष्यासाठी त्या फळाच्या आकाराचे केलेले, फुगवलेल्या मैद्याचे! आत लाल चवळीचे गोड पुरण, कडेला चाकूच्या पाठीने पाडलेली खाच, बुडाशी पालकाच्या रसात रंगवलेली पाने. पाहुणे माझे कौतुक करत. पुढे फळीवर ॲल्युमिनियमचे चकचकीत भांडे आले. त्याच्याकडे मी अजूनही संशयानेच पाहते.

त्या वर्षी आजोबा ऐंशीचे होणार होते. पीच करायचे होते त्यांच्या नव्या सुनेला, रुईफांगला. वाढदिवसाचा पीच बसला तर अपशकुन, म्हणून ती आधीपासून हात बसवत होती. पण मैदा छान फुगूनही पीच सुरकुतून खाली बसत. ती डोळे पुसत ते कुठेतरी नेऊन टाकी. कुठे, ते मला कळेना. मलाही शंका येऊ लागली.

सासूबाईंना, म्हणजे आजोबांच्या पत्नी मिआओझेन यांना, तर खात्रीच होती.

"पुरण भराभर संपतंय. माहेरी पोचवतेस वाटतं?"

"नाही हो, आई."

"मग उंदीर नेतात का, चमच्याने?"

पीच उकडत असताना रुईफांगची पाठ वळली, की त्या येऊन माझे झाकण उचलत आणि आतले पीच मोजत. गार वारा आत शिरे. मला बोलता आले असते तर!

बिचारी रुईफांग शेवटी म्हणाली, "ही टोपलीच खराब झालीय. जाळून टाकू या."

वाढदिवसाच्या सकाळी माझ्यात पीच उकडायला ठेवून ती बाहेर गेली आणि सरपण घेऊन आत आली. सासूबाई चुलीजवळ उभ्या होत्या, चष्मा पांढराफटक.

"आई, चष्म्यावर वाफ कुठून आली?"

"बाहेर धुकं आहे."

"बाहेर ऊन पडलंय, आई."

दारातून आजोबा हसले. "अगं, चुलीवर पोलीस चौकीच टाक ना!"

रुईफांगने झाकण उचलले. पीच बसले होते. "म्हणजे रोज तुम्हीच मध्येच झाकण उघडत होतात, म्हणून वाफ जाऊन हे बसत होते…? आई, वाया गेलेले पीच मी डुकराला घातले. सांगायची लाज वाटली."

सासूबाईंचा विश्वास बसेना. त्या तडक गोठ्यात गेल्या. डुकराच्या नाकाला पुरण चिकटले होते. त्या परत आल्या, बाह्या सरसावल्या आणि उरलेला मैदा मळायला बसल्या. पीच माझ्यात ठेवल्यावर त्या काठी घेऊन चुलीसमोर बसून राहिल्या. आजोबा जवळ आले तर म्हणाल्या, "लांब व्हा! तुमचा भरवसा नाही."

पीच निघाले गुबगुबीत, एकही सुरकुती नाही. आजोबांनी पहिला घास घेतला. सासूबाईंनी त्यातले दोन चांगले निवडून रुमालात बांधले.

"हे तुझ्या आईला दे. मी दिलेत म्हणून सांग हं. नाहीतर तिलाही संशय यायचा."

मित्रांनो, काम झाले की मला धुवा, सावलीत वाळवा, ओली कोंडून ठेवू नका. आणि मनात शंका आली, तर आधी माणसाला विचारा. माणूस उत्तर देतो. एकदा बसलेला पीच मात्र पुन्हा फुगत नाही.