हिरीबाईची सारवलेली जमीन

मंगरूळपीरच्या कापसाच्या जिनामागच्या चाळीत हिरीबाईनं नवऱ्याला मारून खोलीतच पुरलं, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाही त्याचं वाईट वाटत नव्हतं. तेव्हा वऱ्हाड अजून महाराष्ट्रात आलं नव्हतं, राजधानी नागपूर होती. हिरीबाईच्या भिंतीला भिंत लावून अमीनाबी राहायची. ती गाद्या-रजया शिवायची आणि तिचा नवरा रहमतुल्ला कापूस पिंजायचा. पलीकडं हिरीबाईच्या नवऱ्याचा, दौलतसिंगाचा, दांडा तिच्यावर चालू झाला की रहमतुल्ला मुकाट्यानं पिंजायला बसायचा, म्हणजे त्या आवाजात बाकीचं ऐकू यायचं नाही. माणूस भला होता, पण दौलतसिंगाला भिऊन होता. सगळी चाळच भिऊन होती.

मग दौलतसिंग दिसेनासा झाला. भर दुपारी, माणसं जिनात कामाला गेल्यावर, हिरीबाईच्या बंद दाराआडून कुदळीचा आवाज येऊ लागला. ती टोपल्यानं माती बाहेर टाकताना अमीनाबीनं पाहिली. नंतर कडुनिंबाचा पाला आत गेला आणि संध्याकाळपर्यंत जमीन शेणामातीनं सारवून गुळगुळीत झाली. पाला कशाला, हे अमीनाबीला विचारावं लागलं नाही. वास येऊ नये म्हणून, दुसरं काय? तिच्या अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर काट्यापाठोपाठ तिला त्या बाईचं भारी कौतुक वाटलं. एवढीशी बाई, नवऱ्याच्या खोकण्यानं दचकणारी, आणि एवढं मोठं काम एकटीनं उरकलं, वर सारवणही इतकं सुबक!

चाळीत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. विहिरीवर पहिली घागर हिरीबाईची, हे आपोआप ठरून गेलं. जिनात हमाली करणारा लखमा मुकादमालाही अरे-तुरे करायचा, तो तिला पाहिलं की बिडी विझवायचा. रहमतुल्लानं तर तिला नवी गादी आपणहून नेऊन दिली. हिरीबाई कुणाला काही बोलली नाही. ती नुसती जराशी हसायची आणि त्या हसण्यानं लोकांची बोबडीच वळायची.

पण दौलतसिंगाचा भाऊ उदयसिंग मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यावरून आला आणि सरळ पोलिसांत गेला. जमादार चाळीत येऊन खुर्ची टाकून बसला, तेव्हा अमीनाबीला कळून चुकलं, या बाईला आता फासावर देणार. आपण तिच्यासाठी आजवर काही केलं नाही, निदान खोटं तरी बोलावं, असं तिनं ठरवलं. दौलतसिंग सकाळी मानोऱ्याच्या मोटारीत बसला, मी या डोळ्यांनी पाहिलं, असं तिनं सांगून टाकलं. पंचाईत एवढीच झाली की बाकीच्यांनीही मनाशी तेच ठरवलं होतं. लखमानं त्याला आसेगावच्या रस्त्यानं चालत जाताना पाहिलं होतं आणि रहमतुल्लानं मेडशीच्या बैलगाडीत. एकच माणूस एकाच सकाळी तीन दिशांना गेलेला पाहून जमादार उठला. त्याची नजर सारवलेल्या जमिनीवर गेली आणि त्यानं कुदळ मागवली.

अमीनाबी पुढं झाली आणि त्या जमिनीवर मांडी घालून बसली. गुडघे दुखतात, हलता येत नाही, म्हणाली. दोघा शिपायांनी तिला बसल्या जागेवरून उचलून दाराशी नेऊन ठेवलं. कुदळ पडली, मातीचा थर फुटला, कडबा निघाला, पाला निघाला आणि त्याखाली ज्वारी. पांढरीशुभ्र, कोरडी, कमरेइतक्या खड्ड्यात भरलेली ज्वारी. तांड्यावर धान्य असंच, कीड लागू नये म्हणून पाला घालून, जमिनीखाली पेवात ठेवतात. भाड्याच्या खोलीत कुणी पेव खणेल, हे चाळीतल्या कुणाच्या ध्यानीमनी आलं नव्हतं. नवरा घरातलं धान्य विकून दारू पितो, म्हणून तिनं ते लपवलं होतं.

"हे तं खायाचं हाय," रहमतुल्ला म्हणाला. बिचारा फार हिरमुसला होता.

जमादार सगळ्या चाळीला शिव्या घालत गेला. या चाळीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असंही म्हणाला. अमीनाबीला मात्र राग आवरेना. आम्ही तुझ्यासाठी पोलिसापुढं खोटं बोललो, तू आधी सांगायचं होतंस, असं ती हिरीबाईला फाडफाड बोलली. हिरीबाई ज्वारी वाळत घालत होती.

"सांगतलं असतं तं कोणीतरी त्याले सांगतलं असतं, आपा," ती म्हणाली. "अन मुर्दा हाय म्हणून तुमी मले माणसात तं घेतलं."

 अमीनाबी खाली बसली आणि ज्वारीतले खडे वेचू लागली.

चार दिवसांनी दौलतसिंग धडधाकट परतला. कुणाच्या तरी मळ्यात पिऊन पडला होता म्हणे. चाळीत खरं सुतक आलं ते तेव्हा. त्यानं उघडा खड्डा पाहिला, ज्वारी पाहिली आणि कोपऱ्यातला दांडा उचलला. भिंतीपलीकडं रहमतुल्ला सवयीनं पिंजायला बसू लागला. अमीनाबीनं त्याचा हात धरून त्याला उठवलं आणि बाहेर ओढलं. तिला पाहून लखमा आला आणि मग एकेक करून सगळेच आले. हिरीबाईच्या दारात उभं राहायला जागा उरली नाही.

"दौलतसिंग भाऊ," अमीनाबी शांतपणे म्हणाली, "तुमी नव्हते तवा पोलीस येऊन हे जमीन उकरून गेले. काही नाही भेटलं त्यायले. आता ते काही पुन्हा उकराले येत नाही."

दौलतसिंगानं दाराकडं पाहिलं. मग खड्ड्याकडं पाहिलं. मग बायकोकडं पाहिलं. हिरीबाई जराशी हसली.

त्यानं दांडा होता तिथं ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, की पाणी भरायचं आहे का.