पिंपावरचा लाल शब्द

त्रेपन्न सालच्या फाल्गुनात गुणाजीच्या जाळ्यात एक लोखंडी पिंप आलं. गड्यांनी ते काशीदच्या वाळूत ओढलं, तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवणारे तात्या बागेकडे निघाले होते.

"तात्या, ह्ये लाल अक्षरात काय लिवलंय वो?" गुणाजीनं विचारलं.

तात्यांनी काठीनं शेवाळ खरवडलं. इन्फ्लेमेबल. असा शब्द त्यांनी कधी वाचला नव्हता. पण भोवती चार माणसं उभी होती, आणि माहीत नाही म्हणायची तात्यांना सवय नव्हती.

"फ्लेम म्हणजे ज्वाळा. आधी 'इन' लागलं की अर्थ उलटा. करेक्ट म्हणजे बरोबर, इनकरेक्ट म्हणजे चूक. तेव्हा हे न पेटणारं काहीतरी आहे."

गुणाजीची बायको केसर नाकाला पदर लावून म्हणाली, "पन वास लई उग्र हाय."

"जंतू मारायचं औषध असेल."

"मंग रिकामं करून मासली खारवाया घेऊ," गुणाजी म्हणाला.

दुपारी तात्यांचा डोळा लागेना. नाकाला पदर लावलेली केसर दिसत राहिली. अखेर उठून त्यांनी कोश काढला. शब्द सापडला: सहज पेट घेणारा. खाली मूळही दिलं होतं. हा 'इन' नकाराचा नव्हताच. लॅटिनमधला होता, 'आत' सांगणारा.

तात्या अनवाणी धावत सुटले. गुणाजीच्या अंगणात पिंप आडवं केलेलं होतं. झाकण उघडं, आणि ओला ओघळ उतारानं पडवीतल्या चुलीकडे चाललेला. केसर चुलीपाशी वाकली होती.

"केसर, बाजूला हो!"

तिनं मान वळवली. त्याच क्षणी चुलीतून निळसर जाळ बाहेर आला आणि ओघळावरून उलटा धावला.

घर गेलं. केसर दीड महिना अलिबागच्या दवाखान्यात होती. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची.

दवाखान्याच्या ओट्यावर गुणाजीच तात्यांची समजूत घालत होता. "तुमी काय करनार, तात्या? लिवनाऱ्यानंच खोटं लिवलं."

तात्यांना हो म्हणणं सोपं होतं.

"लिहिणाऱ्यानं खरं लिहिलं होतं, गुणाजी. मला तो शब्द येत नव्हता. मी उलटं सांगितलं."

गुणाजी त्यांच्याकडे बघत राहिला. मग उठला आणि आत केसरपाशी गेला. तात्या संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होते. तो परत बाहेर आला नाही.