पूल आला की सांगायचं असतं

"सर, पुलावरून जाताना तुम्ही कोणाशी बोलता?"

प्रश्न यून-शीचा, पण डोकं तिच्या मैत्रिणीचं, पेई-लिंगचं. स्कूटर शिकवणाऱ्या शाळेच्या फाटकाबाहेर पपईचं दूध पीत बसलेल्या मैत्रिणींनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. विचारून दाखव, नाहीतर तू भित्री. रस्त्यावरच्या तासाला चुआंग सर सगळ्यांच्या पुढे असतात आणि नदीवरचा पूल आला की मोठ्याने काहीतरी बोलतात, हे गावभर माहीत होतं. त्यांच्या मागच्या सीटवर कोणी नसतं, हेही. आणि भाषणाच्या स्पर्धेत पहिली आल्यापासून यून-शीला वाटायला लागलं होतं की आपण जगात कोणालाही काहीही विचारू शकतो.

सोमवारी तिची परवान्याची परीक्षा होती. अठरावं नुकतंच सरलेलं, घरी दारात नवीकोरी स्कूटर लाल फीत बांधून उभी. गावात सगळे असेच शिकायचे : एक दुपार आवारातल्या दोन पांढऱ्या पट्ट्यांमधून सावकाश सरळ जायचं, दिवा लाल झाला की थांबायचं, झालं. रस्त्यावरचे तास म्हणजे घाबरटांचं काम, असं पेई-लिंगचं मत. त्या दुपारपर्यंत यून-शीचंही तेच होतं.

सर चिडले नाहीत. पट्ट्यांच्या कडेला मांडायचा हातातला प्लास्टिकचा शंकू त्यांनी जमिनीवर ठेवला आणि पट्ट्यांकडे बघतच सांगायला लागले. त्यांची लेक वान-चेन ह्याच आवारात एका दुपारी शिकली. परवाना मिळाला, त्यांनीच स्कूटर घेऊन दिली, हँडलला फोनही त्यांनीच अडकवून दिला. शाळेपुढच्या चौकात मैत्रिणीचा निरोप आला. ती वाचत राहिली आणि वळणारा ट्रक तिला दिसलाच नाही.

ती जागीच गेली. मग तिचा जीव घरी न्यायचा होता. गेलेल्याला वाट कळत नाही, म्हणून उदबत्ती हातात धरून दर वळणावर हाक मारायची असते, आणि पूल आला की सांगायचंच असतं, नाहीतर जीव अलीकडच्या काठावरच राहतो. यून-शीला हे ठाऊक होतं. आजोबा गेले तेव्हा तिच्या बाबांनीही सगळ्या वाटेवर हाका मारल्या होत्या.

"मेहुणा गाडी चालवत होता. प्रत्येक वळणावर सांगितलं मी तिला," सर म्हणाले. "वळतोय गं पोरी, ये मागे. पुलावर चढलो आणि फोन वाजला. बहीण विचारत होती, कुठपर्यंत आलात. मी म्हणालो, पुलावर आलोय."

त्यांनी बुटाच्या टोकाने पट्टीवरचा खडा बाजूला सारला.

"पण ते फोनला सांगितलं. तिला नाही. फोन ठेवला तेव्हा पूल संपला होता."

म्हणून आता पूल आला की रोज सांगायचं. ऐकू गेलं की नाही, हे मात्र कळायला मार्ग नाही.

  सरांनी यून-शीला विचारलं, रस्त्यावरचे तास घेतलेस का. तिने मान हलवली, नाही.  सर शंकू उचलून पुढच्या पट्टीवर लावायला गेले.

मैत्रिणी तोवर शिकवणीला पळाल्या होत्या. ती आपल्या विजेच्या सायकलवरून एकटीच निघाली. ऊन कललं होतं, नदीचं पात्र कोरडं, पुलावर खडीचे ट्रक. फोन हँडलवर, सगळ्यांचा असतो तसा. तो उजळला. विचारलंस का? पुन्हा उजळला. काय म्हणाला म्हातारा? मग तिसरा निरोप : अगं जिवंत आहेस ना?

तिला हसू आलं. अंगठा आपसूक पुढे गेला, सांगते, थांबा गं, इतकंच तर लिहायचं होतं. कानाशी भोंगा किंचाळला, ट्रक घासून गेला, वाऱ्याने सायकल कठड्याकडे ढकलली. तिने दोन्ही पाय टेकले. आणि अंगावर काटा आला तो ट्रकमुळे नाही. ती पुलाच्या मध्यावर उभी होती आणि इथवर कशी आली ते तिला काही केल्या आठवेना. अर्धा पूल कोणीतरी पुसून टाकल्यासारखा गेला होता.

तिने फोन बंद करून दप्तरात खोल घातला. सायकल उलटी वळवून, हाताने ढकलत, कठड्याच्या कडेकडेने पुन्हा अलीकडच्या टोकाला आली. तिथे कोणी नव्हतं. निदान दिसत तरी नव्हतं.

"वान-चेनताई, पूल आलाय," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "ओलांडतेय. ये."

पलीकडे पोचेपर्यंत सायकल जड चालत होती, कॅरियरवर कोणी बसावं तशी. तिने मागे वळून पाहिलं नाही. नजर समोर ठेवली आणि ट्रक आला, खड्डा आला, एक म्हातारबाबा रस्ता ओलांडताहेत, सगळं मोठ्याने सांगत गेली.

घरी आई भाजी परतत होती, बाबा स्कूटरचा आरसा पुसत होते. उशीर का, फोन का बंद, दहादा केला, दोघांनी एकदमच विचारलं.

"सोमवारी मी परीक्षेला बसणार नाही," यून-शी म्हणाली. "आधी चुआंग सरांकडे रस्त्यावरचे सगळे तास घेणार, परीक्षा त्यानंतर. तोवर स्कूटर जागची हलणार नाही. आणि बाबा, मी वाटेत असताना कुठपर्यंत आलीस म्हणून तुम्ही दोघांनी कितीही फोन केलेत, तरी मी उचलणार नाही. पोचले की मीच सांगेन."