लोइसची लोकर

एबायजा पेलच्या दुकानात सगळा माल विलायतेचा. इंग्लंडच्या राजाने कर लादले, बॉस्टनकरांनी विलायती माल घेणं सोडलं, तरी हा गडी दुकान उघडून बसलेला. "माझा राजा, माझं दुकान. कुणाच्या बापाचं काय जातं?" गल्लीने त्याला वाळीत टाकलं, दाराला चिखल फासला, खिडकी फोडली. सुंभ जळाला तरी पीळ जाईना.

अशातच त्याची चौदा वर्षांची लोइस घटसर्पाने गेली.

खांदा देणाऱ्यांच्या घरी आधी हातमोजे पाठवायची रीत. एबायजाने चार शेजाऱ्यांकडे लंडनचे काळे कातडी मोजे पाठवले. चारही जोड परत आले. पोरीला खांदा द्यायला माणूस मिळेना, म्हणून तिची आई मेहिटेबल उठली. ती शेजारच्या डॉर्कसकडे गेली. डॉर्कसने दार अर्धंच उघडलं.

"माझ्या पोरीने काय घोडं मारलंय गं तुमचं?"

"तिने काही नाही. पण विलायती मोजे घालून आमचे हे दारात उभे राहायचे नाहीत. तेवढं सोडून बोल."

लोइस बापाला चोरून पाद्रीबाबांच्या अंगणात, विलायती कापड नको म्हणणाऱ्या पोरींबरोबर लोकर कातायला जायची. तिने कातलेली लोकर पेटाऱ्यात होती. मेहिटेबलने ती काढली, दोन दिवस, दोन रात्री बसून चार जोड मोजे विणले आणि गुपचूप त्या चार घरी पाठवले. नवऱ्याला सांगायचं धाडस मात्र तिला झालं नाही. तिथेच घात झाला.

अंत्ययात्रेच्या सकाळी ते चौघे शेजारी आले. हातांत करडे, जाडेभरडे मोजे. त्यांना पाहून मेहिटेबलचा जीव भांड्यात पडला. एबायजाचं मात्र डोकं सणकलं.

"माझ्या दारात बंडखोरांचं सोंग? काढा आधी ते!"

"मोजे काढले तर आम्हीही चाललो," डॉर्कसचा नवरा अमोस म्हणाला.

"चालते व्हा! राजाची माणसं अजून मेली नाहीत."

त्याने नाक्यावरच्या पहाऱ्यातले चार लाल डगलेवाले शिपाई बोलावले.

"अहो, ऐका तरी..." मेहिटेबल म्हणाली. पण मेलेल्या लेकीची चोरी चारचौघांत बापापुढे कशी उघडी करायची?

शिपायांनी लंडनचे मोजे चढवले आणि पेटी उचलली. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून लागल्या. ज्यांनी पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, त्यांतलं कुणीही मागे आलं नाही.

पुरून दोघं परतली तेव्हा पायरीवर चार जोड करडे मोजे ठेवलेले होते. एबायजा ते पायाने सारू लागला.

"बघ, तुझ्या शेजाऱ्यांचा कचरा."

"लोइसने कातलीय ती लोकर," मेहिटेबल म्हणाली. "तुमच्या लेकीने."

त्याचा पाय तिथेच थांबला. मग तो पायरीवर बसला, एक मोजा उचलून हातात घालू लागला. मोजा अमोसच्या मापाचा होता, त्याच्या रुंद पंजावर चढेना. तरी तो ओढतच राहिला.