सड्यावरच्या विजा

गावच्या केंद्राची जुनी फाइल अपेक्षाच्या स्क्रिप्टने उलगडली, आणि सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळपठारावर, एकही वीज पडलेली नाही असं निघालं. तिने स्क्रिप्ट पुन्हा चालवली. उत्तर तेच आलं.

आकाशातल्या विजा टिपणाऱ्या, आता बंद पडलेल्या वीजमापन केंद्रांच्या फायली वाचता येतील अशा मजकुरात आणायचं काम लोअर परळच्या या ऑफिसात चाललं होतं. कोकणातल्या त्या गावाला वीजरोधक एकच मिळणार होता. तो बाजारात बसवायचा की सड्यावर, हे उद्या याच मजकुरावरून ठरणार होतं. सड्यावर तिच्या कोंडीराममामाची वाडी होती. गेल्या वर्षी त्याच वाडीतली नलू विजेने गेली.

“मामासाठी विजा पाडणार का आता?” शिफारस लिहिणाऱ्या यशोधनसरांनी विचारलं.

ती मूळ फाइल उघडून बसली. मध्ये मध्ये नुसती शून्यं होती आणि तिची स्क्रिप्ट ती रिकामी समजून गाळत होती. पण शून्यं यायची ती वळवाच्या दिवसांत, दुपार कलल्यावर. नेमकी तेव्हाच कशी?

त्या केंद्रावरचे जुने ऑपरेटर जयवंतकाका आता लालबागला मुलाकडे राहत. ती थेट तिथे गेली. आपल्या नोकरीत मशीन एकदाही जळलं नाही, हे त्यांनी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं.

“डोक्यावर कडाडायला लागलं की प्लग काढायचो गो बाय. तू घरी टीव्हीचा काढत नाहीस?”

काढायची. तिची आईही काढायची. काकांना काय बोलणार? चहा पिऊन ती ऑफिसात परतली.

शून्यं गाळणारी ओळ तिने स्क्रिप्टमधून काढली. त्या जागी ‘केंद्र बंद’ अशी नोंद उमटू लागली. मग लांबच्या दोन केंद्रांच्या फायली उलगडून त्याच वेळांना त्यांनी टिपलेल्या विजांच्या दिशा शेजारी मांडल्या.

“मोकळ्या जागा भरल्यास?” सरांचा आवाज कोरडा होता.

“नाही सर. बंद ते बंदच लिहिलंय. दिशा वेगळ्या दिल्यात. तुम्हीच आखून बघा.”

सरांनी नकाशा पसरला, पट्टी घेतली. दोन केंद्रांपासून काढलेल्या पहिल्या दोन रेषा सड्यावर छेदल्या. पुढच्याही तिथेच, वाडीच्या आसपास. बऱ्याच वेळाने त्यांनी पेन्सिल ठेवली आणि शिफारशीत ‘सडा’ लिहिलं.

“केंद्र बंद कशामुळे, ते लिहायला लागेल. कोणाचं नाव घालू?”

“नाव नको. डोक्यावर वीज असताना बंद, एवढंच घाला.”

तिने पुढच्या केंद्राची फाइल उघडली. या वेळी आधी शून्यं शोधली.