हाँगकाँगचा घाम

“बोनेटवरून कप उचल!” देल्फिना इतक्या जोरात ओरडली की टपावर बसलेला कोंबडा फडफडत पेरूच्या झाडावर गेला. “आत्ता पुसलंय ते. डाग पडेल.”

तिच्या नवऱ्याने, क्रिसांतोने, कॉफीचा कप उचलला. डाग पडलाच होता. तो त्याने बनियनच्या टोकाने पुसायला घेतला, तशी ती पुन्हा ओरडली, म्हणून त्याने तोही नाद सोडला.

“अगं, नुसता पाइप मारला असता तरी चाललं असतं,” तो म्हणाला. “माणूस चारला येणार, इंजिन ऐकणार, टायरला लाथ मारून बघणार. विकायचीये गाडी, वरातीत नाही न्यायची.”

“पाइप तू मारत बस. अठरा वर्षं तेवढंच केलंस. तुझ्या कोंबड्याने टपावर घाण करून रंग खाल्ला, तेवढंही दिसलं नाही तुला.”

गाडी देल्फिनाच्या पैशाची होती. मरून रंगाची, तीन रांगांची, त्या गल्लीत आलेली पहिलीच चारचाकी. हाँगकाँगला लोकांच्या घरी राबून तिने ती घेतली. कागदांवर नाव तिचे आणि किल्ली क्रिसांतोच्या खिशात, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून झाली होती. मागच्या काचेवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिले होते, ‘हाँगकाँगचा घाम’. परदेशच्या पैशाने घेतलेल्या गाडीवर असे मिरवायची फिलिपिन्सच्या बातांगास प्रांतात पद्धतच आहे. कुणाच्या काचेवर सौदीचा घाम, कुणाच्या काचेवर इटलीचा. क्रिसांतोने ती अक्षरे मोठ्या हौसेने लावून घेतली आणि घाम जणू त्यालाच आला होता अशा थाटात तो गावभर गाडी फिरवत राहिला. देल्फिना या गाडीत बसली ती फक्त विमानतळावरून घरी आणि घरून विमानतळावर. बाकी कुठे नाही. बाजारातसुद्धा नाही.

आणि धुतली तर कधीच नव्हती. खरे तर गाडी धुण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. हाँगकाँगच्या मॅडमकडे पहाटे उठून, घरातली माणसे जागी व्हायच्या आत, तळघरातल्या पार्किंगमध्ये जाऊन पांढरी गाडी पुसायची हे तिचे दिवसाचे पहिले काम. पावसाळा असो, ताप असो, गाडी काल बाहेर निघालेली असो वा नसो. मॅडम खाली आली की पर्समधून पांढरा टिश्यू काढून चाकाच्या आतून फिरवायची आणि काही न बोलता तो देल्फिनाच्या हातात द्यायची. बावीस वर्षे तिने दुसऱ्याची गाडी चकचकीत ठेवली. स्वतःच्या गाडीला हात लावायची वेळ आज आली होती, आणि तीही विकण्यासाठी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती काही कपाच्या डागामुळे नाही.

हाँगकाँग कायमचे सोडून तिला घरी येऊन तीन महिनेही झाले नव्हते. परवा रात्री जेवताना रियालिनने, तिच्या एकुलत्या एक मुलीने, सुक्या मासळीचे काटे बाजूला काढत शांतपणे सांगितले की तिचे हाँगकाँगचे काम नक्की झाले. घरकामाचेच. एजन्सीची फी भरायची तर गाडी विकावी लागेल, बाबांनी गिऱ्हाईकही बघून ठेवले आहे, आईची फक्त सही हवी.

रियालिन गावच्या शाळेत तिसरीच्या वर्गाची बाई होती. तिला बाई करण्यासाठी तर देल्फिनाने मॅडमचे टिश्यू हातात घेतले होते. त्या रात्री ती ताट तसेच ठेवून उठली. सकाळी उठून ती एवढेच म्हणाली, “गाडी धुतल्याशिवाय सही नाही.” म्हणजे काय, ते कुणाला कळले नाही. तिलाही नीट कळले नव्हते. पण सही तिच्या हातात होती, आणि या घरात तेवढी एकच गोष्ट तिच्या हातात उरली होती.

टप झाला, काचा झाल्या. ती डाव्या बाजूला आली. इथे पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत एक लांबच लांब ओरखडा होता. तिने फडक्यावर रबिंगची पेस्ट घेतली आणि दात-ओठ खात घासायला सुरुवात केली.

“घास बाई, घास,” कुंपणापलीकडून आवाज आला. शेजारची लुनिंग सुपात तांदूळ निवडत बसली होती. “माझ्या पोराने काढलेला ना तो ओरखडा? नीट घास. वास येत असेल अजून त्याच्या हाताचा.”

“तोंड सांभाळ, लुनिंग.”

“सतरा वर्षं सांभाळलं. आज गाडी चालली, म्हटलं तिला निरोप द्यावा. माझ्याशी नसेल बोलायचं, गाडीशी तर बोलू दे.”

गाडी नवी असताना क्रिसांतोने फोनवर सांगितले होते की लुनिंगच्या नॉयने खिळ्याने ओरखडा ओढला. देल्फिनाने मॅडमच्या न्हाणीघरात दार लावून लुनिंगला फोन केला आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हापासून बोलणे बंद. घरी पाठवायच्या खोक्यात लुनिंगसाठी असायची ती साबणाची वडीही बंद.

“लुनिंग काकूंच्या नॉयने नाही काढला तो.”

रियालिन दारात उभी होती. केस ओले, हातात कपड्यांची बादली. “मी काढला, आई.”

देल्फिनाचा हात थांबला.

“खिळ्याने नाही, नाण्याने. तू परत गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. ही गाडी अंगणातून बाहेर पडली की मी तिच्यामागे धावायचे. मला वाटायचं, हीच तुला नेते. बाबांना तेव्हाच कळलं होतं.”

देल्फिनाने नवऱ्याकडे बघितले. तो पेरूच्या झाडावरचा कोंबडा शोधत होता.

“क्रिसांतो!”

“अगं, पोर लहान होती. तुला सांगितलं असतं तर तू तिकडे रडत बसली असतीस. कामात लक्ष लागलं नसतं तुझं. आणि लुनिंगचं काय, ती तशीही भांडकुदळच.”

“ऐकू येतंय मला!” लुनिंग म्हणाली.

“तुझं पोरगं शाळेत असताना मी त्याला नाही नाही ते बोलले,” देल्फिना नवऱ्याला नाही, कुंपणाला म्हणाली. मग एकदम वळली. फडके तिच्या मुठीत पिळवटले गेले होते. “आणि तू! म्हणजे तुला माहितीये. आई गेली की पोराचं काय होतं ते तुला पक्कं माहितीये, आणि तरी मायुमीला टाकून चाललीस?”

मायुमी रियालिनची मुलगी, चार वर्षांची, आत पंख्याखाली झोपली होती. तिचा बाप बोटीवर नोकरीला गेला आणि दुसऱ्याच बंदरात रमला.

“टाकून नाही चालले. तू आहेस ना आता,” रियालिन म्हणाली. “तू आलीस म्हणूनच तर मला जाता येतंय.”

“मी त्यासाठी आले? माझी हाडं मोडली तिकडे, ती तुझी जागा मोकळी करायला?”

“मला आजीकडे ठेवून तू गेलीस, तेव्हा तिला विचारलं होतंस?”

“मी आठवी नापास होते, रिया! मला दुसरं येत काय होतं? तू बाई आहेस शाळेतली! तू वर्गात गेलीस की पोरं उभी राहून गुड मॉर्निंग म्हणतात तुला!”

“म्हणतात. आणि त्यातल्या निम्म्यांच्या आया तिकडेच आहेत. शाळेच्या कार्यक्रमाला सगळ्या आज्या येऊन बसतात.” रियालिनचा आवाजही आता चढला होता. “गुड मॉर्निंगवर घर चालत नाही, आई. बाबांचं औषध, मायुमीची शाळा. तू पाठवायचीस तोवर चाललं. आता तू पाठवत नाहीस. सही नको करूस. मी सावकाराकडून काढीन आणि तरी जाईन. मग तिकडे पहिलं वर्ष त्याच्यासाठी राबेन. तसं हवंय तुला?”

देल्फिना पुन्हा ओरखड्यावर तुटून पडली. जितके घासावे तितका तो पुसट होत होता, पण जात नव्हता. लुनिंगचे सूप कधीच थांबले होते.

तेवढ्यात क्रिसांतोचा फोन वाजला. तो दोन पावले बाजूला गेला, हसला, आणि चांगली बातमी आणल्यासारखा परत आला. सगळ्यांना खूश करायची त्याला जन्माची खोड होती.

“गिऱ्हाईक म्हणतंय, मागची अक्षरं काढू नका. त्याची बायको दुबईला असते. ‘घाम’ तसाच ठेवा म्हणाला, नुसतं गाव बदलून घेईन. तेवढंच त्याचं काम वाचलं.”

रबिंगच्या डब्याशेजारचे ब्लेड उचलून देल्फिना गाडीच्या मागे गेली.

“अगं, काढू नको म्हणतोय तो!”

“त्याच्या बायकोचा घाम त्याने वेगळा लिहावा. हा माझा आहे.”

अठरा वर्षे उन्हात भाजलेली अक्षरे सहज निघेनात. तिने काचेवर साबणाचे पाणी मारले आणि ब्लेड आडवे धरून खरवडत गेली. पांढरे तुकडे तिच्या मनगटाला, कोपराला चिकटत होते. आधी गाव गेले. मग बाकीचे गेले. गाल भिजले होते ते साबणानेच, असे कुणी म्हटले असते तर तिने मान्य केले असते. काच कोरी झाली आणि तिच्यात मागचे अंगण दिसायला लागले. आता गाडी खरोखर नव्यासारखी दिसत होती. इतकी चांगली ती या घरात कधीच दिसली नव्हती.

वातावरण हलके करावे म्हणून रियालिन बापासारखेच हसली. “जाऊ दे ना आई. मी माझी गाडी घेईन तेव्हा परत लावू.”

देल्फिनाने काय केले ते तिलाही नंतर आठवले नाही. चाके धुतलेली बादली पायाशी होती, गाळाने काळी झालेली. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि सगळ्या ताकदीने गाडीवर भिरकावली. टपावरून, काचेवरून, सकाळपासून चमकवलेल्या दारावरून काळे पाणी ओघळले. रिकामी बादली बंपरवर आपटून कुंपणापर्यंत गडगडत गेली.

“हे घे!” ती ओरडली. “ही बघ तुझी गाडी! माझ्या अंगणात ही अक्षरं पुन्हा लागणार नाहीत! ऐकलंस?”

लुनिंगने उठून कुंपणाशी आलेली बादली उचलली आणि वरून अलगद अंगणात ठेवली.

रियालिनने कपड्यांची बादली खाली ठेवली. दोरीवरचे वाळलेले फडके ओढून घेतले, गाडीजवळ गेली आणि ओठ घट्ट मिटून दारावर गोल गोल फिरवायला लागली.

देल्फिना धापा टाकत बघत राहिली. राग उतरला नव्हता. पण डोळ्यांसमोर जे चालले होते ते तिला बघवेना.

“कोरडं पुसतेस?” ती खेकसली. “वाळू आहे त्या पाण्यात! रंगावर चरे पडतील. अशी पुसलीस तर पहिल्याच आठवड्यात परत पाठवतील तुला.”

शब्द तोंडातून गेले होते. रियालिनचा हात तसाच दारावर राहिला. तिने आईकडे वळून बघितले नाही.

“ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं तुम्हाला?” देल्फिनाने विचारले. आवाज अजून चिडलेलाच होता.

“इस्त्री. स्वयंपाक. म्हाताऱ्या माणसाला पलंगावरून कसं उठवायचं ते.”

“गाडी?”

“गाडी नाही शिकवली.”

“मग काय कपाळ शिकवलं.” देल्फिनाने तिच्या हातातून फडके हिसकावून लांब फेकले. “दोन बादल्या घे. एक साबणाची, एक फडकं खळबळायची. ह्यातलं पाणी त्यात जाता कामा नये. चाकांचं फडकं वेगळं ठेवायचं. घड्याळ काढ आधी. अंगठी पण काढ. चरा उमटला तर पगारातून कापतात.”

रियालिनने घड्याळ काढून खिडकीत ठेवले. अंगठी जरा ओढावी लागली. मग तिने दोन बादल्या भरून आणल्या.

“टपापासून. बोनेट नंतर. वरून खाली यायचं, सरळ रेषेत. गोल नाही फिरवायचं. दाबू नकोस, पाण्याला काम करू दे.” देल्फिना तिच्या मागे उभी राहून सांगत होती. “आणि कुणी मागे उभं राहून बघत असलं तरी मागे वळायचं नाही. बघतातच ती माणसं.”

रियालिन टाचा उंचावून टप धुऊ लागली. पांढऱ्या फेसाखाली मरून रंग पुन्हा वर येत होता. तेवढ्यात घरातून झोपेतला, रडवेला आवाज आला. मायुमी उठली होती आणि आईला हाका मारत होती.

रियालिनने फडके टपावर सोडले आणि दाराकडे वळली.

“हात थांबवू नकोस,” देल्फिना म्हणाली. “साबण वाळला की डाग पडतो. मी बघते तिच्याकडे.”

आणि ओले हात झग्याला पुसत ती आत गेली.