अठराव्या कोड्यातला हत्ती

दवाखान्याच्या फळ्यावर लावलेला सुदामकाकांचा उत्तराचा कागद संगितानं तिसऱ्यांदा वाचला. अठराव्या कोड्यासमोर त्यांनी लिहिलं होतं, पहिल्या खेळीत हत्तीनं शह, तिसऱ्या खेळीत मात. तिनं पर्समधून कोड्यांची झेरॉक्स काढून पाहिली. त्या पटावर पांढरा हत्ती नव्हताच.

कर्मचाऱ्यांच्या स्पर्धेला तालुक्यातून बुद्धिबळासाठी एकच जण पालघरला जाणार होता. निवडीसाठी वीस कोडी छापून आली होती. जास्त सोडवील तो जाणार. काकांची वीस बरोबर, संगिताची एकोणीस. अठराव्यासमोर तिनं लिहिलं होतं, "मात होत नाही." चार दिवस डोकं फोडून लिहिलं होतं. सोबत आलेल्या उत्तरांच्या यादीत वेगळं होतं म्हणून दवाखान्याच्या डॉक्टरांनी फुली मारली.

सुदामकाका तलासरीच्या बाजूच्या त्या दवाखान्यात औषधं द्यायचे. संगिता झरीच्या उपकेंद्रात नर्स. दर मंगळवारी लस न्यायला आली की दुपारी काका पट मांडत. सोंगटीला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, हा धडा त्यांचाच. सुरुवातीला दोन खेळींची मात शोधायला तिला आठवडा लागे. मग टमटममध्ये बसल्याबसल्या सुटायला लागली. तीन वर्षांनी, २०१६च्या दिवाळीत, तिनं काकांना हरवलं, तर त्यांनीच साऱ्या दवाखान्याला पेढे वाटले होते.

ही कोडी आली तेव्हा ते म्हणाले होते, मीही नवीनच बघतोय, आपण एकमेकांना विचारायचं नाही.

ती औषधांच्या खिडकीशी गेली. कागद पुढे सरकवला.

"काका, हा हत्ती कुठे आहे?"

त्यांनी गोळ्यांची पट्टी खाली ठेवली. बराच वेळ कागदाकडे पाहिलं. मग चष्मा काढला.

"पुस्तकात होता," ते म्हणाले. "कोडी छापणाऱ्यांनी उतरवताना गाळला असेल."

म्हणजे पुस्तक त्यांच्याकडे होतं, मागच्या पानांवरच्या उत्तरांसकट. आणि उत्तर उतरवताना त्यांनी समोरचा पट नुसता पाहिलासुद्धा नव्हता. तिला तेच जास्त लागलं.

"माझं नोकरीचं हे शेवटचं वर्ष, पोरी. एकदा तरी जायचं होतं. तुला अजून खूप वर्षं आहेत."

"मग मागायचं होतं, काका. मी दिलं असतं."

रांगेतल्या म्हाताऱ्यानं चिठ्ठी पुढे केली, ती त्यांनी घेतली.

डॉक्टरांना तिनं एवढंच सांगितलं की अठरावं कोडं छापताना चुकलंय. त्यांनी पट पाहिला, मान हलवली. काकांचं नाव कालच पुढे गेलं होतं. कुणाची तक्रार आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणून ती लसीची पेटी घेऊन निघाली.

त्यानंतर ती पेटी न्यायला सकाळीच येऊ लागली, आणि दुपारच्या आत परतू लागली.

पावसाळा सरता सरता झरीच्या उपकेंद्रात एका दुपारी पेपरातलं चार खेळींचं कोडं तिच्यासमोर होतं. उंटाचा बळी द्यायचा, राजा कोपऱ्यात जातो, मग प्यादं. सगळं लख्ख दिसलं. एवढं अवघड तिला कधीच सुटलं नव्हतं. काकांना सांगायला म्हणून तिनं हसऱ्या तोंडानं मान वर केली.

दारात लाडकी नावाची गावातली बाई तान्ही पोर लसीसाठी घेऊन उभी होती. तीही हसली.

संगितानं पेपर घडी करून ठेवला, साबणानं हात धुतले आणि पोरीला मांडीवर घेतलं.